इन्सुलिनच्या लाटांमधला विसावा

ठाण्यात नौपाड्याच्या किंवा पाचपाखाडीच्या कुठल्याही रक्ततपासणी केंद्रात सकाळी सातच्या सुमारास डोकावले, तर बाकांवर उपाशीपोटी बसलेली माणसे दिसतात. कोणी तलावपाळीला फेऱ्या मारून परस्पर आलेले असते, कोणाला तिथून तसेच स्टेशन गाठायचे असते, आणि बहुतेकांच्या हातात जुन्या अहवालांची फाइल असते. माझ्या आईला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली, त्यामुळे या बाकावरचे बसणे आम्हाला सवयीचे आहे. या खेपेस डॉक्टरांनी माझेही रक्त तपासायला सांगितले, कारण आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असला की मुलांनी चाळिशीनंतर गाफील राहू नये, असे त्यांचे म्हणणे. साखरेबरोबर उपाशीपोटीचे इन्सुलिनही तपासायचे होते. आईला ‘आजी, मूठ घट्ट आवळा’ म्हणणाऱ्या तरुणाने मला ‘ताई’ म्हणत दंडाला रबरी पट्टी बांधली, कोपराच्या खळग्यात बोटाने शीर चाचपली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दोन नळ्या भरून घेतल्या. संध्याकाळी मोबाइलवर अहवाल आला. इन्सुलिनच्या ओळीत एक आकडा होता आणि शेजारी तो कोणत्या मर्यादेत असावा हे सांगणारी दोन टोके होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, आणि तो आकडा वाचताना माझ्या मनात आले ते एवढेच, की हा नेमका कोणत्या मिनिटाचा आकडा आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले इन्सुलिन उपाशीपोटीसुद्धा एका पातळीवर थांबून राहत नाही. स्वादुपिंडातून ते लाटांनी येते. काही मिनिटे वाढते, काही मिनिटे ओसरते, आणि पुन्हा वाढते. नळी दोन-तीन मिनिटे आधी भरली असती किंवा दोन-तीन मिनिटे उशिरा, तर त्याच माणसाच्या, त्याच सकाळच्या अहवालात वेगळा आकडा छापला गेला असता. आपण मधुमेहाविषयी बोलतो तेव्हा इन्सुलिन ‘कमी झाले’ किंवा ‘जास्त झाले’ एवढेच बोलतो. त्याच्या येण्याला एक लय आहे आणि त्या लयीतला विसावाही इन्सुलिनच्या कामाचाच भाग आहे, ही गोष्ट दवाखान्यात तर सोडाच, आमच्या वर्गातही क्वचितच निघते. ती निघायला हवी असे मला मनापासून वाटते.

मागे एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘मॅडम, पोट रिकामे असताना इन्सुलिन लागतेच कशाला?’ प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. आपण इन्सुलिनचा संबंध जेवणाशी जोडतो, पण रात्रभर, झोपेत, पोटात अन्नाचा कण नसतानाही यकृत रक्तात साखर सोडत असते. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि ते त्याला झोपेतही लागते. ही गरज उपवासाच्या काळात मुख्यतः यकृत भागवते. मात्र यकृताला कोणी आवर घातला नाही, तर ते गरजेपेक्षा पुष्कळ जास्त साखर ओतत राहील. हा आवर घालण्याचे काम उपाशीपोटीचे इन्सुलिन करते. मधुमेही माणसाची रात्री जेवणानंतर काहीही न खाता सकाळची साखर वाढलेली निघते, तेव्हा घरातले लोक ‘रात्री गुपचूप काय खाल्ले?’ असे विचारतात. आमच्याही घरी हे झाले आहे. त्या बिचाऱ्या माणसाने काही खाल्लेले नसते. त्याच्या यकृताला पुरेसा आवर बसलेला नसतो.

या लाटा माणसाला उशिरा दिसल्या. टोरांटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि १९२३ चा नोबेल पुरस्कार बँटिंग व त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळाला. तरीही रक्तात फिरणारे अत्यल्प इन्सुलिन अचूक मोजायची रीत हाती यायला १९६० साल उजाडावे लागले. ती रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या इन्सुलिनचा उपयोग करून घडवली. यॅलो यांना त्याबद्दल १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच निवर्तले होते. त्याच १९७७ साली गुडनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी ठेवलेल्या ऱ्हीसस माकडांच्या रक्तात इन्सुलिन, ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारे संप्रेरक) आणि ग्लुकोज ही तिन्ही साधारण नऊ मिनिटांच्या ठेक्यात हेलकावत असल्याचे दाखवले, आणि १९७९ मध्ये लँग, मॅथ्यूज, टर्नर यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने माणसांत तेच शोधले. त्यांची पद्धत पाहिली की शोध इतका लांबला का, ते कळते. त्यांनी निरोगी माणसांच्या रक्ताचे नमुने दर मिनिटाला घेतले, आणि तेही तास-दोन तास. अर्ध्या-अर्ध्या तासाने नमुने घेणाऱ्याला यांतले काहीही दिसले नसते, कारण दोन नमुन्यांमध्ये लाटा येऊन गेलेल्या असतात. त्यांना सुमारे चौदा मिनिटांचा फेरा आढळला. पुढे मोजमाप अधिक संवेदनशील झाले आणि नमुने यकृताच्या अलीकडून, स्वादुपिंडाच्या अगदी जवळून घेता आले, तेव्हा मूळ फेरा पाचेक मिनिटांचा असल्याचे दिसले. याशिवाय दीड-दोन तासांच्या संथ लाटाही असतात. त्यांचा विषय वेगळा आहे.

या लाटा जिथे उठतात ती जागा मी दरवर्षी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. स्वादुपिंडाच्या रंगवलेल्या काचपट्टीवर पाचकरस बनवणाऱ्या पेशींचे गर्द जांभळट-गुलाबी पुंजके सगळीकडे दाटलेले असतात आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे फिकट, गोलसर, सैल विणीचा एखादा ठिपका सापडतो. मुले पहिल्यांदा तो ठिपका सोडून पुढे जातात. रंग नीट बसला नाही असे त्यांना वाटते. पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ साली बर्लिनमध्ये आपल्या प्रबंधात या ठिपक्यांची नोंद केली तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते, आणि हे पुंजके काय करतात याविषयी त्यांनी कोणताही दावा केला नाही. आज आपण त्यांना लँगरहॅन्सची द्वीपके म्हणतो. माणसाच्या स्वादुपिंडात ती दहा लाखांच्या घरात असतात, पण सगळी मिळून त्या ग्रंथीच्या वजनाचा एक-दोन टक्केच भाग व्यापतात. एकेका द्वीपकात शेकडो ते काही हजार पेशी असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या.

बीटा पेशी इन्सुलिन थांबून थांबून का सोडते, हे समजण्यासाठी ती साखर कशी ओळखते हे पाहावे लागते, आणि मला तर शरीरशास्त्रातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. साखर ओळखण्यासाठी ती मुख्यतः पटलावरच्या एखाद्या ग्राहीवर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनावर, विसंबत नाही. ती साखर आत घेते आणि जाळून पाहते. आत आलेल्या ग्लुकोजवर ग्लुकोकायनेज नावाचे विकर (एन्झाइम) पहिली प्रक्रिया करते, आणि या विकराची खुबी अशी की त्याचा वेग रक्तातल्या साखरेच्या नेहमीच्या चढउतारांच्या टप्प्यातच सर्वांत जास्त बदलतो. त्यामुळे साखर थोडी वाढली की ज्वलनही त्या मानाने वाढते. ज्वलनातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन, तयार होते. पेशीच्या पटलावर पोटॅशिअमच्या काही वाहिन्या असतात, ज्या एटीपी वाढले की मिटतात. १९८४ साली फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोजमुळे बीटा पेशीतल्या या वाहिन्या मिटतात हे दाखवले. एरवी या वाहिन्यांतून पोटॅशिअम बाहेर झिरपत असते आणि त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋणभारित राहते. त्या मिटल्या की हा ऋणभार घटतो, तो घटल्यामुळे कॅल्शिअमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शिअम आत घुसते, आणि इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला चिकटून आपला ऐवज बाहेर रिकामा करतात. आपल्याकडे मधुमेहींना सर्रास दिल्या जाणाऱ्या ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या याच पोटॅशिअम वाहिन्या मिटवतात. फरक इतकाच, की साखर वाढलेली नसली तरी त्या मिटवतात, आणि म्हणूनच गोळी घेऊन जेवण चुकवले तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

इथपर्यंतची साखळी पाठ्यपुस्तकात येते, पण तिच्यातून सरळ चालत राहणारा स्राव निघायला हवा; लाट का उठते याचे उत्तर तिच्यात नाही. लाटेसाठी काहीतरी उलटे फिरावे लागते. आत आलेले कॅल्शिअम बाहेर फेकायला पंप लागतात आणि ते पंप एटीपीच खर्च करतात. एटीपी उतरले की पोटॅशिअमच्या वाहिन्या पुन्हा उघडतात आणि पेशी शांत होते. कॅल्शिअम वाढल्यावर उघडणाऱ्या आणखी काही पोटॅशिअम वाहिन्याही या शांततेला हातभार लावतात. दुसरीकडे, ग्लुकोज जाळण्याच्या प्रक्रियेतच स्वतःचा एक हेलकावा असल्याचे मानले जाते. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर आपण बनवलेल्या पदार्थामुळेच आणखी जोरात चालू लागते, हाताशी असलेला कच्चा माल संपवते, मंदावते, आणि माल साठला की पुन्हा जोर धरते. कॅल्शिअमचा फेरा आणि ज्वलनाचा फेरा यांपैकी मूळ कर्ता कोणता, की दोघे मिळून ही लय धरतात, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. रिचर्ड बर्ट्रॅम आणि आर्थर शर्मन यांनी दोन्ही फेरे एकत्र गुंफणारी गणिती प्रतिरूपे मांडली आहेत आणि मला ती बाजू अधिक पटते, कारण नुसत्या विद्युत घडामोडींचे काही सेकंदांचे झटके आणि रक्तात दिसणाऱ्या मिनिटांच्या लाटा या दोन्हींची संगती तिच्यात लागते.

आता एक पेशी लयीत चालली, तरी तिच्या शेजारणी वेगळ्या वेळी चालल्या तर बाहेर येणारे इन्सुलिन सपाटच दिसेल. म्हणून त्यांनी एकमेकींना धरून राहावे लागते. शेजारच्या बीटा पेशी कोनेक्सिन ३६ या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात आणि त्या नळ्यांतून विद्युतभार एका पेशीतून दुसरीत जातो. हे सांगताना मला आषाढात पंढरीच्या वाटेवर चालणारी दिंडी आठवते. तिच्यात शेवटच्या रांगेतल्या टाळकऱ्याला पुढचा मृदंग नीट ऐकू येत नाही; तो आपल्या पुढच्या रांगेचा टाळ ऐकून आपला टाळ वाजवतो, आणि असा ठेका रांगेरांगेने मागे पोचतो, किंचित उशिराने पण न तुटता. उंदरांच्या द्वीपकात कॅल्शिअमची लाट अशीच एका कडेने सुरू होऊन पलीकडे पसरताना दिसते. माणसाच्या द्वीपकात मात्र बीटा पेशी ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशींत अधिक मिसळलेल्या असतात आणि त्यामुळे एकत्र स्पंदणारे गट लहान लहान असतात. उंदरांवरून माणसाविषयी बोलताना हे भान ठेवलेले बरे.

याहून कोडे मोठे आहे ते द्वीपकांचे. दहा लाख द्वीपके लांबट ग्रंथीत विखुरलेली, एकमेकांना न चिकटलेली, आणि तरीही त्यांची लाट रक्तात एकत्र उठते. मेंदू त्यांना हाकत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण स्टॅग्नर, सॅमॉल्स आणि वेअर यांनी १९८० मध्ये कुत्र्याचे स्वादुपिंड शरीराबाहेर काढून, त्यातून एकाच प्रमाणात ग्लुकोज असलेला द्रव फिरवत ठेवला, तेव्हाही त्यातून इन्सुलिन लाटांनीच येत राहिले. बाहेरून येणाऱ्या मज्जातंतूंशी संबंध तुटला होता आणि साखरही बदलत नव्हती. म्हणजे ग्रंथीच्या आतच काहीतरी ही जुळणी करते. ग्रंथीत मज्जापेशींच्या स्वतःच्या लहान गाठी असतात आणि त्या द्वीपकांना इशारा देत असाव्यात, असा एक विचार आहे. दुसरा विचार असा की शरीरात असताना यकृत आणि स्वादुपिंड यांच्यामधला व्यवहारच लय पक्की करतो: इन्सुलिन यकृताकडे गेले की साखर किंचित उतरते, ती उतरल्याने सर्वच द्वीपके एकदम मंदावतात, आणि ती चढू लागली की सर्वच एकदम जागी होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मग हा सगळा खटाटोप शरीर कशासाठी करते? उत्तर यकृताकडे बोट दाखवते. स्वादुपिंडातले रक्त आधी थेट यकृतात जाते, त्यामुळे लाटेचा पूर्ण उंचीचा भर यकृतालाच मिळतो. यकृत त्यातले साधारण निम्मे इन्सुलिन पहिल्याच फेरीत काढून घेते, आणि दंडातल्या शिरेपर्यंत पोचते ती बरीच दबलेली लाट. पेशीवरच्या ग्राहीला इन्सुलिन चिकटले की तो ग्राही पेशीच्या आत ओढला जातो आणि पुन्हा पृष्ठभागावर यायला त्याला वेळ लागतो. इन्सुलिन सतत भोवती असेल तर पृष्ठभागावरचे ग्राही कमी होत जातात आणि पेशी त्याला दाद देईनाशी होते. लाटांमधल्या उतारात ग्राहींना परतायला उसंत मिळते. हा उतार शक्य होतो तो इन्सुलिन रक्तात पाचेक मिनिटांत निम्मे होते म्हणून. ते तासभर टिकणारे असते तर एक लाट ओसरण्याआधीच दुसरी तिच्यावर चढली असती. २०१२ साली मात्वेयेंको आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत यकृताकडे जाणाऱ्या शिरेत तेवढेच इन्सुलिन एकदा सतत आणि एकदा स्पंदनांनी सोडून पाहिले, तेव्हा स्पंदनांनी सोडलेल्या इन्सुलिनचा यकृतावरचा परिणाम अधिक आढळला. मात्रा तीच ठेवून नुसती वेळ बदलली आणि परिणाम बदलला, यातच माझ्या म्हणण्याचे सार आले.

जेवणानंतरही लय मोडत नाही. लाटांमधले अंतर जवळपास तेच राहते आणि प्रत्येक लाटेची उंची वाढते.

टाइप २ मधुमेहात जे बिघडते त्यात ही लय लवकर जाते. लँग आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मधुमेहींच्या रक्तात या लाटा आखूड आणि अनियमित असल्याचे नोंदवले. त्याहून मला अस्वस्थ करणारे काम १९८८ चे आहे. ओराहिली, टर्नर आणि मॅथ्यूज यांनी मधुमेहींच्या सख्ख्या नातलगांचे रक्त तपासले. या नातलगांच्या साखरेत अगदी किरकोळ बिघाड होता, त्यांना मधुमेह म्हणता आला नसता, आणि तरीही निरोगी लोकांत दिसणाऱ्या नियमित लाटा त्यांच्यात सापडल्या नाहीत. मी अशाच एका मधुमेही स्त्रीची मुलगी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला, म्हणजे अशी मुले आणि भावंडे किती असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्यांचे अहवाल ‘नॉर्मल’ येत असतील, आणि एका नमुन्यावर बेतलेल्या अहवालाला लय दिसूच शकत नाही.

माझ्या अहवालात इन्सुलिनच्या खाली ‘होमा’ निर्देशांकही होता. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरून इन्सुलिनला शरीर किती दाद देते, याचा तो अंदाज आहे आणि आता तो आपल्याकडच्या अहवालांत सर्रास दिसतो. ही रीत मांडणारा लेख १९८५ चा, आणि त्याचे पहिले लेखक तेच मॅथ्यूज, ज्यांनी १९७९ मध्ये दर मिनिटाला रक्त घेऊन लाटा मोजल्या होत्या. लाटांची त्यांना पुरती कल्पना असल्याने, शक्य असेल तेव्हा पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी धरावी, अशी शिफारस त्यांनी केली. आपल्याकडे एकच नमुना घेतात. तिप्पट खर्च आणि तीनदा सुई कोणालाही नको असणार, हे मला कळते, तरीही एवढी साधी काळजी वाटेत गळून पडली याचे वाईट वाटते. निदान सीमारेषेवरचा एकच आकडा पाहून कोणी घाबरून जाऊ नये किंवा निर्धास्तही होऊ नये, एवढे तरी अहवाल हाती देताना सांगता येण्यासारखे आहे.

आई रात्री जेवणानंतर पेनने इन्सुलिन घेते. पेनच्या मागची चकती फिरवून युनिटचा आकडा खिडकीत आणायचा, पोटाची चिमूट धरायची, सुई टोचून कळ दाबायची आणि दहा आकडे मोजून मग सुई बाहेर काढायची, हे तिला आता चष्मा न लावताही जमते. या औषधाने तिची सकाळची साखर आटोक्यात आली आहे आणि त्याचे मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण हे इन्सुलिन त्वचेखाली साठते, तिथून हळूहळू, दिवसभर एकसारखे रक्तात झिरपते, आणि यकृतालाही दंडापायांइतकेच पोचते. दिवसभर साथ देणारी इन्सुलिने तशीच घडवली आहेत. त्यांचा सपाटपणा हा त्यांचा गुण मानला जातो, कारण त्यामुळे साखर अचानक घसरण्याची भीती कमी होते. लाट आणि विसावा मात्र त्यांच्यात नाही, आणि त्वचेखालून देऊन तो आणणे कठीण आहे, कारण ऊतींतून रक्तात यायला लागणारा वेळच पाच मिनिटांच्या लाटेला पुसून टाकतो.

अशा वेळी मला द्वीपक-रोपणाच्या कामाने उमेद येते. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये शपिरो आणि सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या सात रुग्णांना मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून वेगळी केलेली द्वीपके दिली. ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात आणि ती यकृतातच ठिकठिकाणी अडकून रुजतात. म्हणजे मूळ ग्रंथी गेली, तिच्यातल्या मज्जापेशींच्या गाठी गेल्या, जुने शेजार गेले. २००६ मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांतले इन्सुलिन तपासले, तेव्हा यकृतभर विखुरलेली ही परकी द्वीपके एकमेकांशी जुळवून, स्पंदनांनी इन्सुलिन सोडत असल्याचे आढळले. नव्या जागी त्यांनी एकमेकांना कसे गाठले, हे कोडे मला त्या उपचाराइतकेच मोलाचे वाटते. आता मूळ पेशींपासून (स्टेम सेल) प्रयोगशाळेत घडवलेल्या बीटा पेशीही रुग्णांना देऊन पाहिल्या जात आहेत. त्यांचे यशापयश ठरवताना बाहेरून टोचायचे इन्सुलिन किती युनिटांनी कमी झाले हे मोजतातच. त्या पेशी इन्सुलिन दर किती मिनिटांनी सोडतात आणि मध्ये किती वेळ थांबतात, हेही दर मिनिटाला रक्त घेऊन मोजावे, अशी माझी फार इच्छा आहे.